आधी अळी निरोगी हवी

तुतीच्या कोवळ्या पानाची दोन सेंटिमीटरची गोल चकती. तिच्यावर पिपेटने पाण्याचे थेंब सोडले जातात आणि काचेच्या कांडीने ते कडेपर्यंत सारखे पसरवले जातात. चकती वाळेपर्यंत थांबायचं, मग ती एका उपाशी ठेवलेल्या अळीपुढे ठेवायची. अळी नुकतीच कात टाकून चौथ्या अवस्थेत आलेली, धुतल्यासारखी स्वच्छ, भुकेली. ती कडेपासून खायला सुरुवात करते. चकती पूर्ण संपेपर्यंत तिला दुसरं पान मिळत नाही, कारण त्या पाण्यात मोजून घातलेले काही लाख बीजाणू आहेत आणि ते सगळे तिच्या पोटात जायला हवेत. चकतीचा तुकडा उरला तर त्या अळीचा हिशेब चुकतो आणि ती प्रयोगातून बाद होते.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला तो ‘जपणूक’. बियाणं, वाड्या, बोली, गाणी जपणाऱ्यांविषयी इतर लेखक लिहितील हे दिसतच होतं. मला जायचं होतं ते रोग जपणाऱ्यांकडे. रेशीम किड्यांना होणारा पेब्रिन हा रोग जाणूनबुजून, ठरवून, वर्षानुवर्षं वाढवत राहणारी माणसं आहेत. त्यांच्या या कामावर आपल्या मराठवाड्यातल्या रेशीम उत्पादकाचं पीक अवलंबून असतं, आणि त्याला बहुधा याचा पत्ताही नसतो.

एका मादीपासून गावापर्यंत

पेब्रिन का भयंकर, हे समजायला अळीच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते. रेशीम पतंगाची एक मादी साधारण चारशे ते पाचशे अंडी घालते. तिच्या अंड्यांच्या या घोसाला आपल्याकडे अंडीपुंज म्हणतात आणि रेशीम शेतीचा सगळा हिशेब शंभर अंडीपुंजांवर चालतो. मादीला पेब्रिन असेल तर रोग अंड्यातच उतरतो. अंड्यातून बाहेर पडणारी अळी आजारी म्हणूनच जन्माला येते. ती खाते, वाढते, विष्ठा टाकते आणि त्या विष्ठेतून बीजाणू पानांवर पसरतात. शेजारची निरोगी अळी तेच पान खाते.

आता हे चॉकी केंद्रात घडतंय असं धरा. चॉकी म्हणजे पहिल्या दोन अवस्थांचं संगोपन. तिथे अळ्या एकत्र वाढतात आणि दुसरी कात टाकल्यावर ट्रे भरून वेगवेगळ्या गावांतल्या शेतकऱ्यांकडे जातात. जालना, बीड, धाराशिव, सोलापूर या भागांत गेल्या काही वर्षांत रेशीम शेती ज्या वेगाने पसरली, त्यात चॉकी केंद्रांचा मोठा वाटा आहे. शेतकऱ्याचे पहिले काही दिवस वाचतात. पण एक आजारी मादी तपासणीतून निसटली तर याच सोयीच्या वाटेने रोग अनेक संगोपनगृहांत पोचतो.

शेतकऱ्याला तो दिसतो उशिरा. अळ्या सारख्या वाढत नाहीत. काही कात टाकतात, काही मागे राहतात. भूक मंदावते, अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके येतात. तोवर तुतीचा पाला, मजुरी आणि दिवस खर्च झालेले असतात. संगोपनगृहात फवारून अळी बरी करता येईल असं औषध नाही. ग्रासरी, फ्लॅचरी, मस्कार्डिन हे रोगही पीक बुडवतात, पण आईकडून अंड्यात जाणारा रोग म्हणून पेब्रिनची धास्ती वेगळी. म्हणून या रोगाशी सगळी लढाई अंड्याच्या आधी, मादीपाशीच लढावी लागते.

आलेसमधली पानं

ही लढाई कशी लढायची ते लुई पास्चर यांनी दाखवलं. १८५३ साली फ्रान्समध्ये सुमारे २६,००० टन कोष निघत होते. १८६५ पर्यंत हा आकडा ४,००० टनांवर आला. दक्षिण फ्रान्समधली रेशीम पिकवणारी गावं उद्ध्वस्त होत होती. रसायनशास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त द्युमा यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला गळ घातली आणि जून १८६५ मध्ये पास्चर आलेस या गावी पोचले. त्यांनी तोवर रेशीम किडा हाताळलेला नव्हता. वाटेत ते कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांना भेटले. कोष कानाशी हलवून त्यांनी आत काही आहे का, असं विचारल्याची आठवण फाब्र यांनी लिहून ठेवली आहे.

आजारी किड्यांच्या शरीरात चमकदार अंडाकृती कण असतात, हे त्याआधीच माहीत होतं. १८५७ मध्ये कार्ल नेगेली यांनी त्या जीवाला नोसेमा बॉम्बिसिस हे नावही दिलं होतं. पण हे कण रोगाचं कारण आहेत की रोगामुळे तयार होणारी वस्तू, यावर एकमत नव्हतं. खुद्द पास्चर पहिली काही वर्षं ते कारण मानायला तयार नव्हते. त्यांचं मत बदललं ते खाऊ घालण्याच्या प्रयोगांनी. ठिपके पडलेल्या अळ्या पाण्यात चुरडायच्या, ते पाणी पानांना लावायचं आणि ती पानं निरोगी अळ्यांना द्यायची. मग कात दर कात त्या अळ्या पाहायच्या, कण कधी आणि कुठे दिसतात ते नोंदवायचं. याच प्रयोगांतून एकाच घरात दोन निरनिराळे रोग मिसळलेले असतात, पेब्रिन आणि फ्लॅचरी, हेही उलगडलं. १८७० साली त्यांचा रेशीम किड्यांच्या रोगांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांनी सांगितलेला उपाय इतका साधा होता की खेड्यातल्या माणसालाही जमावा. प्रत्येक मादीला वेगळं ठेवून अंडी घालू द्यायची. अंडी घालून झाली की तीच मादी खलात चुरडायची, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. चमकदार कण दिसले तर तिची अंडी जाळायची, न दिसले तर ठेवायची. आपल्याकडे ‘रोगमुक्त अंडीपुंज’ म्हणून जे विकत मिळतात त्यांच्यामागे आजही हीच पद्धत आहे. पोटॅशियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात मादी वाटली जाते, म्हणजे ऊतकं विरघळतात आणि बीजाणू मोकळे होतात. तपासणारी व्यक्ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसते.

पास्चर यांच्या त्या माखलेल्या पानांपासून आजच्या दोन सेंटिमीटरच्या चकतीपर्यंत मोजमाप सुधारलं, पद्धत तीच राहिली. त्याला कारण आहे.

जिवंत पेशीशिवाय न वाढणारा

जिवाणू वाढवायचा तर अगारची बशी पुरते. बहुतेक बुरशा बटाट्याच्या अर्कावर वाढतात. पेब्रिनचा जीव मात्र कुठल्याही बशीत वाढत नाही. तो मायक्रोस्पोरिडिया या गटातला. हा गट बुरशीच्या नात्यातला, पण परजीवी आयुष्य इतकं अंगवळणी पडलेला की बाकीचं बरंच काही त्याने टाकून दिलं आहे. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया त्याच्याकडे पूर्ण रूपात नाही, तिचे खुरटलेले अवशेष तेवढे उरलेत. ऊर्जा तो यजमान पेशीकडूनच घेतो. या गटातल्या एन्सेफॅलिटोझून कुनिक्युली या जीवाचा जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला, तेव्हा तो जेमतेम २९ लाख अक्षरांचा निघाला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचा संच याहून मोठा आहे.

शरीराबाहेर हा जीव फक्त बीजाणू म्हणून राहतो. नोसेमा बॉम्बिसिसचा बीजाणू असतो सुमारे तीन ते चार मायक्रॉन लांब. जाड कवचाच्या आत एक लांब नळी गुंडाळलेली असते. अळीचं आतडं तीव्र अल्कधर्मी असतं. तिथे पोचताच बीजाणूत पाणी शिरतं, दाब वाढतो आणि दोन सेकंदांच्या आत ती नळी बाहेर फेकली जाते, मोजा उलटा करताना आतली बाजू बाहेर यावी तशी. नळी जवळच्या पेशीपर्यंत पोचते आणि बीजाणूतला सगळा ऐवज त्या नळीतून थेट पेशीत उतरतो. तिथे तो दुभागत जातो. आतड्यापासून स्नायू, मेदपिंड, रेशीमग्रंथी आणि शेवटी अंडाशय, असा त्याचा प्रवास होतो.

पेशींच्या कृत्रिम संवर्धनात तो वाढवता येतो. विल्यम ट्रॅगर यांनी १९३७ मध्येच रेशीम किड्याच्या ऊतकांत त्याची काही वाढ घडवून दाखवली होती. पण भरपूर, पक्व आणि संसर्गक्षम बीजाणू हवे असतील तर आजही सगळ्यात भरवशाचं भांडं अळीच आहे.

दोन खोल्या

दक्षिणेतल्या ज्या प्रयोगशाळेत मी गेले, तिथे संगोपनाच्या दोन खोल्या एकमेकींपासून मुद्दाम दूर होत्या. एकीत निरोगी अळ्या, दुसरीत संसर्ग दिलेल्या. कामाचा क्रम ठरलेला. सकाळी आधी निरोगी खोली, तिथलं सगळं उरकलं की मगच दुसरी. दुसऱ्या खोलीत पाऊल टाकलेला माणूस त्या दिवशी पहिल्या खोलीत परत जात नाही. चपला वेगळ्या, अॅप्रन वेगळा, पानं कापायच्या सुऱ्या वेगळ्या. दाराशी चुना आणि ब्लीचिंग पावडर. संसर्ग खोलीतली विष्ठा, उरलेला पाला, टाकलेली कात, काहीही तसंच बाहेर जात नाही. ते जाळलं तरी जातं किंवा दाबाच्या वाफेत शिजवलं तरी जातं.

निरोगी खोली सांभाळणाऱ्या बाईंना तिथे सगळे अक्का म्हणत. त्या कन्नड बोलायच्या आणि मूळच्या सोलापूरच्या संशोधक मॅडम मला मराठीत सांगायच्या. अक्कांचा हात पाल्यावर फिरत होता. वरचं कोवळं पान लहान अळीला, खालचं जून पान मोठीला. ओलं पान नाही, धुळीचं नाही. अळ्या कातीला बसल्या की पाला बंद. डोकं वर करून स्थिर राहिलेल्या अळ्यांना धक्कासुद्धा लावायचा नाही. सगळ्या अळ्या कातीतून बाहेर आल्याशिवाय पुढचा पाला पडत नाही, नाहीतर पुढे आलेल्या आणि मागे राहिलेल्या अशा दोन टोळ्या होतात आणि प्रयोगाला एका वयाच्या अळ्या मिळत नाहीत.

मॅडमनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. संसर्गाचा प्रयोग चांगला झाला की नाही हे आजारी अळ्यांकडे पाहून कळत नाही, ते निरोगी अळ्यांकडे पाहून कळतं. प्रत्येक प्रयोगात काही अळ्यांना नुसतं शुद्ध पाणी लावलेली चकती दिली जाते. पुढे त्यांच्यापैकी एकीत जरी बीजाणू सापडला तरी सगळी तुकडी फेकून द्यायची. अंडी मुळातच दूषित होती, की पाल्यातून काही आलं, की कोणाच्या हातून चूक झाली, याचा शोध घ्यायचा आणि पुन्हा अंड्यापासून सुरुवात करायची. मला या कामाचं मर्म इथेच दिसलं. रोग वाढवायचा असेल तर त्याआधी तितक्याच कसोशीने निरोगीपण वाढवावं लागतं. अक्कांची खोली बिघडली तर पलीकडच्या खोलीतल्या कुठल्याही आकड्याला अर्थ उरत नाही.

मात्रेचं गणित

किती बीजाणू द्यायचे? भरपूर दिले की भरपूर मिळतील, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. लहान वयाच्या अळीला जबर मात्रा दिली तर पुढच्या कातीआधीच ती मरते आणि बीजाणूंना वाढायला शरीरच उरत नाही. मात्रा फार कमी झाली तर काही अळ्यांना लागण होते, काहींना होत नाही, आणि काढलेलं पीक विरळ निघतं. म्हणून अळीचं वय आणि मात्रा यांची जोडी लावावी लागते.

हवं काय यावर ही जोडी ठरते. नुसते बीजाणू हवेत तर तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत बेताची मात्रा देऊन अळीला जमेल तितकी मोठी होऊ द्यायची. मोठ्या शरीरात जास्त बीजाणू मावतात. एका पूर्ण ग्रासलेल्या अळीतून कोट्यवधी बीजाणू निघतात. आईकडून अंड्यात रोग कसा जातो हे पाहायचं असेल तर उशिरा आणि हलकी मात्रा द्यायची, म्हणजे ती अळी कोष विणेल, पतंग होऊन बाहेर पडेल आणि अंडी घालेल. आजारी असूनही पिढी पुढे नेणारी अशी मादी मिळवणं, हेच या कामातलं सर्वांत नाजूक कौशल्य. शेतकऱ्याला बुडवणारी मादी नेमकी अशीच असते. वरून धडधाकट दिसते, अंडी भरपूर घालते.

या सगळ्या काळात खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास आणि दमटपणा ७० ते ८० टक्के राखावा लागतो. तापमान चढलं तर अळी आणि परजीवी दोघांच्या वाढीचा वेग बदलतो आणि दोन तुकड्यांची तुलना करता येत नाही.

खल, मलमल आणि पर्कॉल

दहा-बारा दिवसांनी पीक काढायची वेळ येते. अळ्या खलात घेऊन पाण्यात वाटल्या जातात. निघतो तो हिरवट, वासाचा चिखल. तो मलमलच्या घड्यांतून आणि मग कापसातून गाळला की मोठा चोथा मागे राहतो. गाळलेलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की जड बीजाणू तळाशी बसतात. वरचं पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, पुन्हा फिरवायचं. हे धुणं अनेकदा होतं.

तरीही त्यात जिवाणू आणि पेशींचे तुकडे उरतात. मग पर्कॉल नावाचं द्रावण येतं. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेलं हे द्रावण २५, ५०, ७५ आणि १०० टक्के अशा चढत्या घनतेच्या थरांत नळीत भरतात, सर्वांत दाट तळाशी. वर बीजाणूंचं पाणी सोडून नळी जोरात फिरवली की प्रत्येक गोष्ट आपापल्या घनतेच्या थरात जाऊन थांबते. कचरा वर अडकतो. रिकामी कवचं आणि अपक्व बीजाणू मध्ये राहतात. पक्व, भरलेले बीजाणू सगळ्यांत खाली पांढऱ्या पट्ट्यासारखे जमतात. मॅडमनी नळी उजेडात धरली तेव्हा तो पट्टा नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसत होता.

त्यातला थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फेज काँट्रास्टमध्ये बीजाणू चकाकतात, कडा रेखीव, सगळे एका मापाचे, पाण्यात थरथरत असलेले. इतका शुद्ध नमुना असेल तर ओळख सोपी. खऱ्या तपासणीत वाटलेल्या मादीच्या थेंबात चरबीचे गोळे असतात, परागकण असतात, बुरशीचे बीजाणू असतात, स्फटिक असतात. त्यांच्या गर्दीत दोन-चार चमकदार कण नेमके ओळखायला नजर तयार व्हावी लागते. ती नजर तयार करण्यासाठीही हेच शुद्ध बीजाणू लागतात.

शेवटी मोजणी होते. चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवून चौकटीतले बीजाणू मोजायचे आणि मिलिलिटरमागे किती ते काढायचं. साठा थंड पाण्यात, चार अंशांवर. मात्र साठ्याचं आयुष्य अमर्याद नसतं. दिवस जातील तसे त्यातले संसर्गक्षम बीजाणू कमी होत जातात. म्हणून ठरावीक काळाने साठ्यातले बीजाणू नव्या अळ्यांना देऊन नवं पीक काढावंच लागतं. पुन्हा नव्या अळ्या लागतात. पुन्हा अक्कांची खोली.

मधमाशी, टोळ, डास

परजीवी वाढवायचा तर आधी यजमान जपायचा, हा संबंध रेशीम किड्यापुरता नाही. मधमाश्यांना होणारा नोसेमा सिराने हा परजीवी १९९६ मध्ये आशियाई मधमाशीत, म्हणजे आपल्या सातेरीच्याच जातीत, प्रथम वर्णिला गेला. पुढे तो युरोपीय मधमाशीत जगभर सापडला. त्याचे बीजाणू थंडीला कमकुवत असतात, फ्रीजमध्ये ठेवले की संसर्गक्षमता झपाट्याने गमावतात. त्यामुळे त्यावर काम करणाऱ्याला पिंजऱ्यात माश्या पाळून, साखरेच्या पाकातून एकेकीला मात्रा पाजून, एका तुकडीतून दुसरीत तो सतत चालता ठेवावा लागतो.

अमेरिकेत माँटाना राज्यातल्या बोझमन इथे जॉन हेन्री यांनी नाकतोडे आणि टोळांवरच्या अशाच एका परजीवीवर दीर्घकाळ काम केलं. नाकतोड्यांतच तो वाढवायचा, बीजाणू गव्हाच्या कोंड्यावर चढवायचे आणि तो कोंडा कुरणात टाकायचा. १९८० मध्ये तिथल्या सरकारने कीटकनाशक म्हणून त्याची नोंदणी केली. कारखान्यातलं उत्पादनही शेवटी पाळलेल्या नाकतोड्यांच्या शरीरांतूनच.

आणि सर्वांत आशेची गोष्ट केनियातली. व्हिक्टोरिया सरोवराकाठी अॅनॉफिलीस डासांत तिथल्या ‘इसीपे’ या संस्थेच्या संशोधकांना एक मायक्रोस्पोरिडिया सापडला. ज्या डासांत तो असतो त्यांच्यात हिवतापाचा परजीवी वाढत नाही. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. हा जीव आईकडून अंड्यात जातो. प्रयोगासाठी तो मिळवायचा तर रानातून पकडलेल्या माद्या आणायच्या, प्रत्येकीला वेगळं ठेवून अंडी घालू द्यायची, मग ती मादी तपासायची आणि जिच्यात तो असेल तिचीच पिलावळ वाढवायची. पास्चर यांनी दीडशे वर्षांपूर्वी शिकवलेली पद्धत जशीच्या तशी. फरक इतकाच की आलेसमध्ये संसर्ग असलेल्या मादीची अंडी जाळायची होती आणि केनियात तीच ठेवायची आहेत.

आपल्या दारातला प्रश्न

प्रयोगशाळेत वाढवलेले पेब्रिनचे बीजाणू कुठे जातात? निर्जंतुकीकरणाचं द्रावण किती तीव्रतेचं आणि किती वेळ ठेवलं तर बीजाणू मरतो, हे त्यांच्यावर तपासलं जातं. ब्लीचिंग पावडर, क्लोरीन डायऑक्साइड, चुना यांचं जे प्रमाण शेतकऱ्याला सांगितलं जातं ते अशा चाचण्यांतून येतं. रोग ओळखणारी प्रतिपिंडं आणि डीएनए चाचण्या त्यांच्या आधारावर बनतात. कोणती रेशीम जात लवकर बळी पडते हे त्यांच्यामुळे कळतं. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदियात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर पाळणाऱ्यांपुढेही नोसेमा वंशाचाच रोग उभा आहे. तिथे तर संगोपन उघड्या रानात होतं, झाडं धुऊन निर्जंतुक करता येत नाहीत. त्यांचा एकमेव आधार रोगमुक्त अंडी हाच.

जालन्यात २०१८ मध्ये कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि कर्नाटकातल्या रामनगरमपर्यंतचा प्रवास अनेकांचा वाचला. रेशमाची चर्चा आता भाव, अनुदान आणि शेड यांभोवती फिरते. ती व्हायलाच हवी. पण हे सगळं ज्या एका मादीच्या तपासणीवर उभं आहे तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. संशोधनाचे प्रकल्प मंजूर करणाऱ्यांनीही यंत्रांच्या यादीइतकंच महत्त्व संगोपन करणाऱ्या हातांना द्यायला हवं. महागडं यंत्र विकत आणता येतं. कातीला बसलेली अळी ओळखणारी आणि पाला कधी थांबवायचा हे जाणणारी व्यक्ती घडायला वर्षं लागतात, आणि तिच्याशिवाय ते यंत्र काहीच सिद्ध करू शकत नाही.

रेशीम करणाऱ्या प्रत्येक वाचकाला म्हणून विनंती. अंडीपुंज किंवा चॉकी अळ्या मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्या आणि मादीची तपासणी झाली आहे का, हे विचारून घ्या. अळ्या असमान वाढल्या, ठिपके दिसले, तर लपवू नका. काही अळ्या ताबडतोब रेशीम कार्यालयात तपासायला द्या आणि शेजारच्या उत्पादकालाही सांगा. रोग निघाला तर ती तुकडी जाळून टाका, संगोपनगृह सांगितलेल्या प्रमाणात निर्जंतुक करा, मगच पुढचं पीक घ्या. एक पीक जाईल. तालुक्यातली बाकीची वाचतील.